बिनडोळ्यांचे बैल

त्या माणसाचा मला हेवा वाटायचा, आणि अजूनही वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं मी त्यांचे गुण सांगायला लागलो की वाचणाऱ्याला वाटेल, किती मोठ्या मनानं लिहितो आहे! मन वगैरे काही मोठं नाही. पक्की सरकारी नोकरी सोडून लाकडाचे बैल करायला बसलेला माणूस एक दिवस तोंड पाडून परत येईल, याची मी कित्येक वर्षं वाट पाहिली. तो आला नाही. उलट दिवसेंदिवस टवटवीत दिसायला लागला.

आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. साहेबसुद्धा भाऊच म्हणत. वर्ध्याजवळच्या एका लाकूड डेपोत आम्ही दोघं बाबू होतो. जंगलातून तोडून आलेली लाकडं आमच्याकडं यायची. आम्ही त्यांची लांबी आणि गोलाई मोजायचो, टोकावर हातोड्यानं छाप मारायचो, रजिस्टरात उतरवायचो आणि पुढं त्यांचा लिलाव व्हायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, नुकतंच लग्न झालेला. भाऊ पस्तिशीचे असतील. उंच, किडकिडीत, मान पुढं काढून चालायचे. कानामागं कायम एक पेन्सिल असायची. त्या पेन्सिलीनं त्यांना काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही.

भाऊंचा डबा सकाळी साडेदहाला उघडायचा. हजेरीवर सही केली की पहिलं काम जेवण. नवा साहेब आला की एकदा तरी विचारायचाच, "काय हो, घरून जेवून येत नाही का?" भाऊ घास न थांबवता सांगत, "दुपारच्या सुटीत टाइम नाई भेटत, साहेब." कारण दुपारची सुटी बैलांची होती. एक वाजला की ते डेपोमागच्या कडुलिंबाखाली जाऊन बसत. पिशवीतून पटाशी, हातोडी आणि अर्धामुर्धा बैल निघायचा. दोन वाजेपर्यंत त्या झाडाखाली कोणी गेलेलं त्यांना चालत नसे. मी चालायचो. का चालायचो ते पुढं सांगतो.

लाकडाच्या डोंगरात बसून काम करणाऱ्या या माणसानं डेपोतली काडीसुद्धा कधी घरी नेली नाही. बैलांसाठी लागणारे तुकडे ते आरा मशीनवरून विकत आणत. संध्याकाळी फाटकाजवळ आले की पँटच्या दुमडलेल्या मोहऱ्या उलगडून झाडत, चपला एकमेकींवर आपटत आणि म्हणत, "सरकारचा भुसा सरकारले." चौकीदार हसायचा, मीही हसायचो. आपण ज्याच्यासारखे होऊ शकत नाही त्याला हसणं सोपं जातं.

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी लेकरं चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर जातात, बोजारा मागतात. कोणी खाऊ देतं, कोणी चार नाणी. बाजारात त्यासाठी मिळणारे बैल सगळे एका आईच्या पोटचे असल्यासारखे दिसायचे. भाऊंचे तसे नसत. भाऊंचा एक नियम होता: ज्या बैलाशी ओळख नाही, तो बैल करायचा नाही.

ही ओळख कशी होई, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका रविवारी त्यांनी मला सायकल घेऊन बोलावलं. सेलूच्या पुढं एका खेड्यात एका कास्तकाराचा गोठा होता, तिथं गेलो. मालक पुढं आला.

"बैल पाह्यले आलो," भाऊ म्हणाले.

"इकाचा नाई मले."

"मले बी घ्याचा नाई. भेटाचं हाय."

मालकानं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. भाऊ तोवर बैलापाशी पोचले होते. त्यांनी दोन्ही तळवे बैलाच्या कपाळावर ठेवले, मग हळूहळू खाली, गालांवर, नाकपुड्यांपर्यंत. स्वतःचे डोळे मिटून घेतले. बैलानंही मिटले. दोघं पाव घटका तसेच उभे. मग भाऊंनी हात काढले, ओंजळ करतात तसे समोर धरले आणि मला म्हणाले, "चाल."

जाताना सायकल त्यांनी चालवली होती. परतताना मला म्हणाले, तू चालव. स्वतः मागं कॅरिअरवर बसले, दोन्ही हात हवेत. रस्ता खाचखळग्यांचा. मी म्हटलं, "भाऊ, धरा ना सीटले, पडान."

"हात भरले हायत. धरलं तं सांडन."

असा मी त्या भरल्या हातांच्या माणसाला आठ-दहा मैल ओढत आणलं. वाटेत ओळखीचे एक मास्तर भेटले. "भाऊ, हाताले काय झालं?"

"बैल हाय."

"मारला का शिंगानं?"

"नाई. बसला हाय."

मास्तर पुढं गेले आणि दोनदा वळून पाहत राहिले. पुढं रेल्वेचं फाटक लागलं. गाडी येईपर्यंत उन्हात उभे राहिलो. भाऊंच्या नाकावर माशी बसली. ते मान हलवून पाहत होते, पण हात खाली करायला तयार नव्हते. शेवटी मला म्हणाले, "माशी हाकल बे." मी सायकल एका हातानं धरून दुसऱ्या हातानं एका मोठ्या माणसाच्या नाकावरची माशी हाकलली. फाटकावर उभे असलेले सगळे आमच्याकडं पाहत होते. मला लाज वाटली, खरंच वाटली. आणि त्याच वेळी असंही वाटलं की माझे हात असे कशानं कधी भरतील?

त्यांच्या घरी पोचलो तर वहिनींनी दार उघडलं, हातांकडं पाहिलं आणि बाजूला झाल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात कामाला होत्या त्या. त्यांनी पाटावर लाकूड आणून ठेवलं, पटाशी जवळ सरकवली. भाऊ बसले. दिवस मावळेपर्यंत त्या लाकडातून मघाचाच बैल बाहेर आला होता, कपाळावरचा उंचवटा आणि एका बाजूला किंचित वाकडा जबडा धरून.

फक्त डोळे नव्हते.

"डोळे मले जमत नाई," भाऊ म्हणाले. "हात लावला की बैल डोळे मिटून घेते. म्हून माह्या हाताले डोळे मालूमच नाई. तू काढ."

मी शाळेत चित्रकलेत पहिला यायचो. डेपोच्या पाट्या मीच रंगवत असे. म्हणून झाडाखाली मला जागा होती. बारीक ब्रश, काळ्या-पांढऱ्या रंगाच्या दोन डब्या, आणि भाऊंचे बैल. पहिला डोळा काढला तेव्हा भाऊ बराच वेळ बैल हातात धरून पाहत राहिले. म्हणाले, "जित्ता झाला लेका." त्या एका वाक्यावर मी पुढचा अख्खा उन्हाळा काढला.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही बाजाराच्या तोंडाशी पोतं अंथरून बसलो. दुपारच्या आत सगळे बैल खपले. एक गोष्ट तेवढी झाली. फ्रॉकमधली एक लहान मुलगी आईबरोबर आली, एक बैल उचलला, त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं. आई म्हणाली, "नोको बाप्पा, हा तं खराच वाटून राह्यला." घाईत एका बैलाचे डोळे काढायचे राहून गेले होते. तो मुलीनं घेतला आणि हसत ओढत नेला. मी ती गोष्ट पुढं किती तरी जणांना सांगितली. माझे डोळे इतके जिवंत की लेकरू घाबरून रडलं! अभिमान वाटायचा मला.

त्या हिवाळ्यात भाऊंनी झाडाखाली विषय काढला.

"लाकूड माहं, डोळे तुहे. सोडून देऊ दोघं बी."

"काय सोडून देऊ?"

"हे," म्हणून त्यांनी मानेनंच डेपो दाखवला. "पगार म्हंजे काय हाय, सांगू? गव्हानीतली पेंड. बैल तोंड घालून उभा राह्यते अन् म्हनते, माह्यं बरं चाललं. बरं तं चाललंच असते. पन चालत कोठं असते तो?"

 आमच्या घराण्यातली ती पहिली सरकारी नोकरी. वडील गावात कोणी न विचारता सांगत सुटायचे, पोरगा सरकारात हाय म्हणून. पण हे मी भाऊंना सांगितलं नाही. मी म्हटलं, "घरून नाही म्हनतीन."

घरून म्हणजे बायको. आणि बायकोला मी काही विचारलेलंच नव्हतं.

भाऊंसारख्या माणसाशी खोटं बोलू नये, कारण तो ते खरं धरून चालतो. पुढच्याच रविवारी ते आमच्या दारात. सतरंजीवर बसले, चहाचा कप हातात घेतला आणि माझ्या देखत माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, तुमी नाही म्हनता म्हंते हा. काऊन?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी अजून विसरलो नाही. रागाची नव्हती. आपल्याला न सांगता आपलं नाव कोणी कुठं वापरून आलं आहे, हे कळल्यावर माणूस पाहतं तशी होती. पण तिनं मला उघडं पाडलं नाही.

"मी काय नाही म्हनू भाऊ? हात त्यायचा हाय," ती म्हणाली. "दोन साल मी भागवून घेईन. माहेरची मशीन हाय माह्याजवळ. ब्लाउजं शिवीन, झबले शिवीन. त्यायले वाटत असन तं करू द्या."

मग दोघंही माझ्याकडं पाहायला लागले. माझ्या चहावर साय धरली होती. मी ती बोटानं बाजूला केली.

"विचार करतो," मी म्हणालो.

"कर," भाऊ म्हणाले, आणि चहा संपवून उठले.

 त्या दुपारी बायकोनं मशीनवरची चादर काढली, तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. आठ दिवस मशीन तशीच उघडी होती. नवव्या दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा तिच्यावर परत चादर होती. मला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं याचीच पुढं किती वर्षं लाज वाटणार आहे, हे तेव्हा कळत नाही.

भाऊंनी राजीनामा दिला तो आणीबाणीत. त्या दिवसांत सगळी ऑफिसं घड्याळाच्या काट्यावर चालत होती, जन्मात कधी वेळेवर न आलेले बाबू दहा मिनिटं आधी टेबलाशी बसत होते. नोकरी टिकवायची म्हणून सगळे धडपडत असताना या माणसानं नेमका वरचा साहेब तपासणीला आला त्या दिवशी कागद पुढं केला. साहेबांना वाटलं बदलीचा अर्ज असेल. वाचून ते म्हणाले, "कारण लिहिलं नाही तुम्ही." भाऊंनी तिथंच उभ्यानं लिहिलं: बैल वाट पाहत आहेत.

"हे कारण होत नाही. घरगुती कारण लिहा."

"घरगुती नाई साहेब. गोठ्यातलं हाय."

साहेबांनी शेवटी स्वतःच्या हातानं 'घरगुती' असं लिहून सही केली. ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मोठे बाबू म्हणाले, "वर्षातून एक दिवस माल खपणार. बाकीचे दिवस लाकूड खाणार काय?" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

शेवटच्या संध्याकाळी भाऊंनी फाटकाजवळ नेहमीसारख्या मोहऱ्या झाडल्या, चपला झाडल्या. मग माझ्याकडं आले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि बैलाच्या कानाशी सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अंगठ्यानं तसाच दाबून चोळला आणि म्हणाले, "आवतन घे. उद्या येजो."

दुसऱ्या दिवशी मी डेपोत गेलो. दहा मिनिटं आधी.

भाऊंनी सेलूला रस्त्याच्या कडेला टिनाचं छप्पर टाकलं. आणि मी कारणं गोळा करायला लागलो. त्यांची बायको नोकरीला होती, त्यांना काय! त्यांच्यामागं म्हातारे आईबाप नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मी लग्नात सांगितलं, तेरवीत सांगितलं, बसस्टँडवर सांगितलं. माझी बायको मशीनला तेल घालून आठ दिवस वाट पाहत होती, हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

वर्षातून दोन-तीनदा तरी मी सेलूला जायचो. काम काढून जायचो. भाऊंच्या छपरासमोर रस्त्यापलीकडं एक चहाची टपरी होती, तिथं आडोशाला बसून पाहायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा फळीवर मांडलेले बैल पाहिले आणि मला इतका आनंद झाला की मी दुसरा चहा सांगितला. एकाही बैलाला डोळे नव्हते. कोरी लाकडं. अडलं म्हणायचं! आता आज ना उद्या येतील आपल्याकडं, म्हणतील, तुझ्यावाचून होत नाही रे बाबा. मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. थोडे आढेवेढे घेणार होतो.

पण दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, पोळ्याच्या चार दिवस आधी, मी असाच टपरीत बसलो असताना जे घडलं, त्यानं माझा चहा कडू झाला. तळेगावचा एक म्हातारा कास्तकार एसटीतून उतरला. दुसऱ्याच कामाला आला असावा. छपरासमोरून जाता जाता थबकला, फळीजवळ गेला, एक बैल उचलला. आणि एकदम ओरडायलाच लागला.

"हा माहा ढवळ्या हाय! माह्या बैलाले तू इकून कसा राह्यला?"

माणसं जमली. कोणी म्हणालं, बाबाजी, लाकडाचा हाय तो. म्हातारा ऐकेना. "मले सांगता काय? हा उजवा कान पाहा, फाटेल हाय. हे कपाळ पाहा. तीन पोळे झाले मरून त्याले. चोरून आनला का तुनं?"

भाऊ शांतपणे बाहेर आले. "चोरून नाई, बाबाजी. आर्वीच्या बाजारात आनला होता तुमी त्याले, एका सालात. मी तिथंच भेटलो त्याले. तुमी चहा प्यायले गेलते."

म्हाताऱ्यानं बैल छातीशी धरला. मग उतरलेल्या आवाजात म्हणाला, "बाजारात नेलता, पन इकला नाई मी. मन झालं नाई." आणि मटकन खाली बसला.

भाऊ म्हणाले, "तुमचाच हाय. घेऊन जा." म्हाताऱ्यानं खिशाकडं हात नेला, तर भाऊंनी त्याला थांबवलं. "ज्याचा बैल त्याले इकत नसते."

खरी गंमत पुढं झाली. कोणीतरी बैल कागदात गुंडाळून द्यायला लागलं तर म्हातारा खवळला. "बैल काय काखेत मारून नेत असते का?" त्यानं शेजारच्या दुकानातून दावं आणलं, बैलाच्या गळ्यात बांधलं आणि भर रस्त्यातून त्याला चालवत टपरीशेजारच्या स्टँडकडं निघाला. लाकडी चाकं खडखड करत मागं, पुढं मान ताठ केलेला म्हातारा, आणि समोरून येणारे दोन ट्रक चक्क थांबले. एसटीच्या दारात कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, याचं लगेज लागन." म्हातारा म्हणाला, "लगेज नाई, हाफ तिकीट फाड." सगळी गाडी हसली. मी टपरीत बसून होतो. मला हसू आलं नाही. ढवळ्याला डोळे नव्हते. तरी म्हाताऱ्यानं त्याला ओळखलं होतं.

तेव्हापासून भाऊंचं छप्पर बारमाही झालं. कोणाचा बैल थकला की भाऊंना निरोप यायचा: तोंड घेऊन जा. लोक सायकल पाठवत, पुढं पुढं मोटारसायकल पाठवत. हात हवेत धरून कॅरिअरवर बसलेला हा माणूस सगळ्या तालुक्याच्या ओळखीचा झाला. रस्त्यावरचे लोक वाट करून देत. रेल्वे फाटकावरचा गडी म्हणे भाऊंच्या नाकावरची माशी न सांगता हाकलायचा. आणि डोळे? ते लेकरं घरी नेऊन काढायची. कोणी कोळशानं, कोणी आईच्या काजळानं. तेच लोकांना आवडायला लागलं. नागपूरहून माणसं येऊन विचारू लागली, ते बिनडोळ्यांचे बैल कुठं मिळतात?

माझ्या जखमेवर मीठ चोळायचं काम आमच्या नव्या साहेबांनी केलं. त्यांनी सेलूहून एक बैल आणून टेबलावर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून. रोज मी फाइल घेऊन आत गेलो की तो समोर. डोळे नसलेला माणूस तुमच्याकडं पाहतो आहे असं तुम्हाला कधी वाटलं आहे का? मला रोज वाटायचं. एकदा साहेब म्हणाले, "हा कारागीर म्हणे पूर्वी आपल्याच डेपोत होता. ओळखत होतात का?" मी म्हटलं, "नावापुरता."

पुढं मला बढती मिळाली, मोठा बाबू झालो. बायको म्हणाली, "भाऊंले पेढे देऊन या." राजीनाम्यानंतर दहा-बारा वर्षांत तिनं त्यांचं नाव काढलं ते त्या दिवशी. मी गेलो. या वेळी टपरीत बसलो नाही, सरळ छपरात शिरलो.

भाऊंचे केस पिकले होते. पेन्सिल तिथंच होती. त्यांनी वर पाहिलं आणि जणू मी काल संध्याकाळी फाटकावरून गेलो होतो अशा आवाजात म्हणाले, "ये."

मी पेढ्यांचा पुडा ठेवला. "मोठा बाबू झालो भाऊ."

"पाहू," म्हणून ते उठले आणि त्यांनी दोन्ही तळवे माझ्या चेहऱ्याला लावले. कपाळ, गाल, हनुवटी. हात खरखरीत होते, भुशाचा वास येत होता. माझे डोळे आपोआप मिटले. किती वेळ ते तसे उभे होते कोण जाणे. हात काढले तेव्हा मी त्यांच्या तळव्यांकडं पाहिलं, की हे ओंजळ करतात का. त्यांनी हात पँटला पुसले.

मला जे विचारायचं होतं ते मग मी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला. "भाऊ, बैलायचे डोळे दुसऱ्या कोनाकडून काऊन नाही काढून घेतले?"

खरं सांगतो, मला काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. तुझी जागा रिकामी ठेवली होती लेका, एवढंच. तेवढ्यासाठी मी तिथवर गेलो होतो.

भाऊंनी एक पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला.

"खरं सांगू? तुहे डोळे लय चांगले होते. हात साफ होता तुहा. पन सगळे बैल भेलेले होते बे. मांगून कोनी टोचते का काय, असे पाहत होते. एकबी बैल सामने पाहत नोता." मग म्हणाले, "ती पोरगी आठवते, रडली होती ते? तिले बैलाचं भेव नोतं वाटलं. बैलालेच भेव वाटून राह्यलं हाय, हे समजलं तिले. म्हून रडली."

 मी म्हणालो, "मंग तवाच सांगितलं काऊन नाही?"

"तू येनार होता ना," भाऊ म्हणाले. "काम करता करता गेलं असतं भेव."

निघताना त्यांनी फळीवरचा एक बैल माझ्या हातात दिला. "घेऊन जा. डोळे काढजो." मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काखेत मारला. स्टँडवर ऑफिसातलं कोणी भेटलं असतं म्हणून. तो तळेगावचा म्हातारा आठवला, पण कागद काही मी सोडला नाही.

घरी बायकोनं कागद उलगडला.  मशीनच्या खणातून माझा ब्रश आणि रंगाच्या दोन डब्या काढून ठेवल्या. त्या मी कधीच फेकून दिल्या, अशी माझी समजूत होती. रंगांचे दगड झाले होते. ब्रश मात्र तिनं तेल लावून फडक्यात गुंडाळला होता, त्याचे केस सरळ होते. तिनं काजळाची डबी आणून शेजारी ठेवली आणि समोर बसली.

मी एक डोळा काढला. बरा जमला. मी बैल तिच्याकडं फिरवला.

"भेलेला वाटते का?"

तिनं बराच वेळ पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं.

"नाई," ती म्हणाली. "दाराकडं पाहून राह्यला."

दुसरा डोळा मी काढला नाही. बैल कपाटावर ठेवला, असा की त्याची डोळा नसलेली बाजू दाराकडं राहील. बायको सकाळी झाडताना तो फिरवून ठेवायची, आणि मी डेपोत निघताना तो परत फिरवायचो. पेन्शन होईपर्यंत हे रोज चाललं.